पाठीवरची वेठ

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका नावाचे गाव आहे. त्याचा पत्ता लिहिताना ‘जऊळका रेल्वे’ असा लिहावा लागतो. एरवी गावाने स्टेशनाला नाव द्यावे, ही रीत. येथे स्टेशनाने आपले नाव गावाला चिकटवले आहे. अकोला–पूर्णा या मार्गावरचे हे स्टेशन. पूर्वी येथे मीटर गेजची गाडी होती. २००८ साली ब्रॉडगेज झाली. रूळ रुंद झाले, आणि त्याबरोबर अपडाउन करणाऱ्यांची संख्याही वाढली. शिकायला अकोला, दवाखान्याला अकोला, नोकरीला अकोला. आम्ही त्यांतलेच. मराठीचे एम.ए. झालेले, चाळिशी ओलांडलेले, शहरातल्या महाविद्यालयांत शिकवणारे. काही कायम, काही अजूनही तासिका तत्त्वावर.

सकाळच्या फलाटावर उभे राहिले की कोणाच्या हातात, डोक्यावर, खांद्यावर काय आहे ते दिसते. कोणाची भाजीची पाटी असते, कोणाचे धान्याचे पोते, कोणाच्या पिशवीत क्ष-किरणाच्या फिल्मांचा गुंडाळा. या प्रत्येक ओझ्याला मालक आहे आणि हेतू आहे. पाटी विकली की परतीचा प्रवास हलका होतो. पोते पोहोचवले की त्याचे भाडे मिळते. आजाऱ्याची फाइल डॉक्टरांनी पाहिली की निदान काळजी तरी वाटली जाते. आमच्या पाठीवरच्या काळ्या पिशवीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती सकाळी जेवढी जड असते तेवढीच संध्याकाळी असते. ती रोज जाते आणि रोज परत येते. तिच्यातले काम कधीच उतरत नाही. आणि हे ओझे नेमके कोणाचे, असे विचारले तर उत्तर देणारा कोणी सापडत नाही. आमचे म्हणावे, तर आतले काम आमचे नाही. संस्थेचे म्हणावे, तर यंत्र आमच्या पैशाने घेतलेले आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. रोजच्या प्रवासात लॅपटॉप वाहून नेणे ही आधुनिकतेची खूण म्हणून मिरवली जाते. प्रत्यक्षात ती एक नवी वेठ आहे, आणि शिकलेसवरलेले लोक ती अभिमानाने करतात, म्हणून ती वेठ आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘वेठ’ हा शब्द आम्ही हलक्या हाताने वापरीत नाही. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामानसुमान पुढच्या गावापर्यंत फुकट वाहून नेण्याची सक्ती, असा त्या शब्दाला इतिहास आहे; आणि ती सक्ती बहुतेक वेळा गावकुसाबाहेरच्या माणसांच्याच पाठीवर पडली, हाही इतिहास आहे. भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, बिगार आणि तशी सर्व सक्तीची कामे यांना मनाई केली, ती या अनुभवातून. त्या यातनेशी आमच्या गैरसोयीची बरोबरी करणे हा निर्लज्जपणा होईल, आणि आम्हाला तो करायचा नाही. आम्हाला पगार आहे, निदान काहींना आहे. आमच्यावर कोणी आसूड उगारीत नाही. तरीही वेठीचे व्याकरण तेच आहे, एवढे दाखवणे भाग आहे. वेठीची तीन लक्षणे: सामान दुसऱ्याचे, वाहणारी पाठ आपली, आणि वाहण्याचा मोबदला शून्य. ही तिन्ही लक्षणे आमच्या पिशवीला लागू पडतात की नाही, हे वाचकांनीच पाहावे.

आता या पिशवीचे समर्थन कसे केले जाते ते पाहू. समर्थन नेहमी एकच असते: ‘प्रवासाचा वेळ फुकट जातो, तो सत्कारणी लागतो.’ हे वाक्य आम्ही प्राचार्यांच्या दालनात ऐकले आहे, कार्यशाळांत ऐकले आहे, आणि खेदाने सांगावे लागते की आमच्याच तोंडूनही ऐकले आहे. या वाक्यात दोन गृहीतके दडलेली आहेत, आणि दोन्ही खोटी आहेत. पहिले, प्रवासात काम करता येते. दुसरे, काम न करता गेलेला प्रवासाचा वेळ फुकट असतो.

पहिल्या गृहीतकासाठी शब्दाकडेच पाहावे. लॅप म्हणजे मांडी. हे यंत्र मांडीवर ठेवण्यासाठी आहे. आता सकाळच्या पॅसेंजरच्या जनरल डब्यात जावे आणि रिकामी मांडी शोधावी. तिघांच्या बाकावर पाच जण असतात. ज्याला बसायला मिळाले आहे त्याच्या मांडीवर आधीच उभ्या असलेल्या कोणाचे तरी मूल असते, किंवा पिशवी असते, आणि ते मूल घेण्यास नकार देणारा माणूस अजून आमच्या भागात जन्माला यायचा आहे. पोर्टेबल संगणक म्हणून व्यापारी यश मिळवलेले पहिले यंत्र, ऑस्बोर्न-१, १९८१ साली आले. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा ५ इंचांचा, आणि त्याचा आकार ठरवला गेला तो विमानाच्या आसनाखाली मावेल असा. ही गोष्ट नुसत्या गमतीची नाही. या यंत्राची कल्पना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो प्रवासी होता, त्याला आसन होते. आजचे यंत्र दीड-दोन किलोंचे झाले, पडदा मोठा झाला, तरी त्याच्या पोटातला तो प्रवासी बदललेला नाही. लॅपटॉपला चार गोष्टी लागतात: बसायला जागा, विजेचा सॉकेट, नेटवर्क, आणि चोरी न होण्याची हमी. या चारही ज्याच्याजवळ आहेत तो वातानुकूलित डब्यात किंवा विमानात असतो. बाकीच्यांसाठी ते प्रवासात वापरण्याचे यंत्र नव्हेच, ते प्रवासात सांभाळण्याचे यंत्र आहे.

मुंबईकर वाचक म्हणतील, हे तुमच्या खेड्यातल्या पॅसेंजरचे रडगाणे झाले. त्यांनी आपल्या लोकलकडे पाहावे. गर्दीच्या वेळी तेथे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, आणि या अवस्थेसाठी रेल्वेने आपल्या परिभाषेत वेगळी संज्ञा घडवली आहे. त्या चौरस मीटरमध्ये पाठीवरची पिशवी हा सतरावा प्रवासी असतो. म्हणून शहाणा मुंबईकर ती पुढे, छातीशी घेतो. तान्हे मूल धरावे तशी. अंधेरीहून चर्चगेटला जाणारा आणि जऊळक्याहून अकोल्याला जाणारा यांच्यात या बाबतीत काडीचा फरक नाही. दोघेही काम करीत नाहीत. दोघेही कामाची राखण करीत आहेत.

येथे मुंबईच्याच एका जुन्या शहाणपणाची आठवण करून द्यावीशी वाटते. सकाळच्या गाडीत माणसाला स्वतःलाच जागा नसते, तेथे त्याने जेवणाचा डबा कोठे ठेवायचा? आणि इतक्या पहाटे डबा तयार तरी कसा व्हायचा? या प्रश्नाला मुंबईने दिलेले उत्तर म्हणजे डबेवाले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. तिच्या अचूकतेचे कौतुक व्यवस्थापनाच्या वर्गांतून एव्हाना पुष्कळ झाले आहे, पण तिच्या मुळाशी असलेला नैतिक विचार कोणी फारसा सांगत नाही. तो विचार असा: नोकरदाराने गाडीत शिरताना हात मोकळे असावेत. त्याचे ओझे स्वतंत्रपणे, स्वतंत्र वेळेला, आणि त्या श्रमाची मजुरी देऊन पोहोचवावे. मावळातल्या माणसांना हे १८९० साली सुचले. पावशेर भाकरी-भाजी वाहण्याचे श्रम मोजावेत, त्यांना किंमत द्यावी, हे त्यांनी शहराला शिकवले. आणि त्याच शहराने, त्याच गाडीत, दोन किलोंचे कार्यालय मात्र प्रत्येकाच्या छातीवर फुकट बांधून दिले. डब्याला मजुरी आहे, लॅपटॉपला नाही. कारण डबा घरचा असतो आणि लॅपटॉप कचेरीचा. घर श्रमाचे पैसे देते. कचेरी देत नाही.

आता पिशवीच्या आत काय असते ते पाहू, कारण आक्षेप घेणारे लगेच विचारतील, की अध्यापकाने पुस्तके आणि टिपणे जवळ बाळगू नयेत काय? बाळगावीत. पण आमच्या यंत्रांत टिपणे फार थोडी आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन परिषद, म्हणजे नॅक, १९९४ साली स्थापन झाली. २०१७ साली तिने मूल्यांकनाची पद्धत बदलली. सात निकषांखाली माहिती आकड्यांत भरायची, प्रत्येक आकड्याला पुरावा जोडायचा आणि ते सारे ऑनलाइन चढवायचे, असे ठरले. हेतू स्तुत्य होता: समितीपुढे फुलांचे हार आणि स्वागतगीते यांच्या जोरावर श्रेणी मिळू नये. झाले असे, की हारांची जागा तक्त्यांनी घेतली. निबंधस्पर्धा घेतली तर तिचा अहवाल, अहवालाला छायाचित्र, छायाचित्रावर स्थळकाळाची जिओटॅगची मोहोर, विद्यार्थ्यांच्या सह्यांचा कागद, त्या कागदाचे स्कॅन, आणि या सर्वांची पीडीएफ विशिष्ट आकारापेक्षा लहान. मराठीच्या विभागात दोन किंवा तीन माणसे असतात. ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वर्गात लावायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो लावल्याचा पुरावा तयार करायला लागतो. हे काम तासांमध्ये होत नाही. म्हणून ते पिशवीत जाते. पिशवीतून गाडीत, गाडीतून घरी, घरून पुन्हा पिशवीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापकाचा कार्यभार लिहिलेला आहे: आठवड्याला ४० तास, वर्षातून कामाचे ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस. सहायक प्राध्यापकाने त्यांतले १६ तास प्रत्यक्ष शिकवावे, सहयोगी प्राध्यापकाने आणि प्राध्यापकाने १४. दिवसाला निदान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे. आता साधा हिशेब करावा. ५ तासांचे ६ दिवस म्हणजे ३० तास. उरलेले १० तास कोठले? हा नियम करणाऱ्यांनी, नकळत का होईना, एक सुसंस्कृत गोष्ट गृहीत धरली होती: अध्यापकाचे काही काम ग्रंथालयात, घरच्या टेबलावर, वाचण्यात आणि विचार करण्यात होते, आणि तेही कामच असते. ते १० तास वाचनाचे होते. आज ते तक्त्यांचे आहेत. आणि ते पुरत नाहीत, म्हणून प्रवासाचे दोन-तीन तास मागितले जातात. कायद्याने दिलेला वेळ आधी घेतला, आता कायद्याने न मोजलेला वेळही हवा आहे.

हा भार सर्वांवर सारखा पडला असता, तर निदान समतेचे समाधान मिळाले असते. तसेही नाही. आमच्यातले जे तासिका तत्त्वावर काम करतात, त्यांना शिकवलेल्या तासिकेमागे मानधन मिळते. वर्गात उभे राहिले तर पैसे. वर्गाबाहेर जे काही केले त्याचे पैसे नाहीत. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळात तासिका नाहीत म्हणून तेव्हाचेही नाहीत. कोण्या संस्थेचे नाव आम्ही घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण हे सार्वत्रिक आहे: विभागातले सर्वांत तरुण, सर्वांत तंत्रकुशल आणि सर्वांत अस्थिर माणूस म्हणजे तासिका तत्त्वावरचा अध्यापक, आणि नॅकच्या फायली त्याच्याच यंत्रात असतात. ‘सर, तुम्हाला कॉम्प्युटर चांगला येतो,’ या एका वाक्यावर त्याचे महिनेच्या महिने जातात. यंत्र त्याने हप्त्यांवर घेतलेले असते. ते हप्ते बहुधा मानधनापेक्षा नियमित असतात. पुढच्या वर्षी आपल्याला बोलावतील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो संस्थेच्या पुढच्या पाच वर्षांच्या श्रेणीचा आधार आपल्या पाठीवर घेऊन पॅसेंजरच्या दारात उभा असतो. यंत्र चोरीला गेले तर नुकसान त्याचे. फाइल हरवली तर दोष त्याचा. श्रेणी चांगली मिळाली तर फलक संस्थेच्या दारावर. वर सांगितलेली वेठीची तीन लक्षणे येथे पुन्हा वाचावीत.

मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा काही काळ असे वाटले होते की या प्रश्नाचा निकाल लागेल. मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद होती, आणि तीही मर्यादित वेळांत उघडली. आमची पॅसेंजरही रुळांवरून नाहीशी झाली होती. काम घरी आले. अध्यापन पडद्यावर आले. काम करायला शहरात जावेच लागते असे नाही, हे त्या दिवसांत सिद्ध झाले होते. मग गाड्या पुन्हा सुरू झाल्या. कामाने निवड करायला हवी होती: एकतर घरी राहावे, नाही तर कचेरीत. कामाने दोन्ही घेतले. आज आम्ही २०१९ सालासारखा प्रवास करतो आणि २०२० सालासारखे घरून काम करतो. या दोन जगांना जोडणारा जो पट्टा आहे तो आमच्या खांद्यावर आहे.

परदेशांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे, आणि तो भावनेच्या नव्हे, कायद्याच्या भाषेत झालेला आहे. १ जानेवारी २०१७ पासून फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून सुटण्याचा हक्क कायद्यात आला. त्याआधी, १० सप्टेंबर २०१५ रोजी, युरोपीय न्यायालयाने स्पेनमधल्या तंत्रज्ञांच्या खटल्यात निर्णय दिला होता. कंपनीने त्यांची स्थानिक कार्यालये बंद केली होती. ते घरून थेट ग्राहकाकडे जात. न्यायालय म्हणाले, ज्यांना कामाचे ठरावीक ठिकाण नाही त्यांचा घर ते पहिला ग्राहक आणि शेवटचा ग्राहक ते घर हा प्रवास म्हणजे कामाचाच वेळ होय. त्यामागचा विचार आम्हाला महत्त्वाचा वाटतो: कार्यालय बंद करण्याचा निर्णय मालकाचा असेल, तर त्याचे ओझे कामगाराच्या वेळेवर टाकता येणार नाही. आपल्याकडेही प्रयत्न झाला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली असा हक्क देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, त्यामुळे त्या विधेयकाच्या भवितव्याविषयी आम्हाला भ्रम नाही. पण मराठी मुलखातून हा प्रश्न दोनदा संसदेत जातो, आणि मराठी अध्यापकांच्या संघटनांच्या मागण्यांत मात्र त्याला वेतनाच्या आणि निवृत्तिवेतनाच्या खाली कोठे तरी जागा मिळते, किंवा मिळतच नाही, याची लाज वाटावी अशी स्थिती आहे.

लाजेचा दुसरा मुद्दा शाळेच्या दप्तराचा आहे. आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या आपल्या पहिल्या भाषणात, १९८९ साली, मुलांच्या दप्तराविषयी गाऱ्हाणे मांडले. त्यातून प्रा. यशपाल यांची समिती झाली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा निर्णय काढला. आम्ही अध्यापकांनी या सर्वांवर परिसंवाद घेतले, निबंध लिहवून घेतले. यशपाल समितीने सांगितलेली मुख्य गोष्ट मात्र आमच्या पाठीला लावून पाहिली नाही. दप्तराचे वजन वाईट खरेच, पण त्याहून वाईट ओझे न समजण्याचे आहे, असे ती समिती म्हणत होती. आमच्याही पिशवीचे हेच आहे. दोन किलो हा प्रश्न नव्हेच. हमालाच्या पाठीवर त्याच्या पंचवीसपट असते. प्रश्न असा, की आतले काम कशासाठी आहे, ते कोण वाचणार आहे, त्याने कोणत्या विद्यार्थ्याची एक ओळ सुधारणार आहे, हे वाहणाऱ्याला समजत नाही. अर्थ कळलेले ओझे माणूस आनंदाने वाहतो. आषाढात डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन शेकडो मैल चालणाऱ्या बायांना ते जड वाटत नाही. निरर्थक ओझे कागदाएवढे असले तरी कंबर मोडते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: तुम्ही यंत्राचे शत्रू आहात. मुळीच नाही. मराठी विश्वकोश आज जऊळक्यातल्या विद्यार्थ्याला घरबसल्या वाचता येतो, त्यासाठी त्याला वाईला किंवा अकोल्याच्या ग्रंथालयात जावे लागत नाही, हे या यंत्राचेच उपकार. आमचा वाद यंत्राशी नाही, त्याच्या पट्ट्याशी आहे. दुसरा आक्षेप: आता सर्व काही क्लाउडवर असते, यंत्र न्यायचेच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, पण तो आमच्याच बाजूने बोलतो. फाइल आकाशात असेल, तर विभागात एक साधा संगणक टेबलावर ठेवला की काम भागते. तो ठेवला जात नाही, कारण माणसे आपापली यंत्रे घेऊन येतातच. आणि ज्या दिवशी पाठीवरचे यंत्र खिशातल्या फोनमध्ये पूर्ण मावेल, त्या दिवशी खांदा मोकळा होईल, डोके होणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत रोखठोक: एवढा त्रास होतो तर शहरात राहा. हा सल्ला देणारे विसरतात, की खेड्यातून शहरात शिकवायला जाणारा अध्यापक शहरातल्या वर्गात खेड्याची भाषा, वऱ्हाडी शब्द, शेतीचे ऋतू घेऊन जातो. ती त्याची खरी पिशवी. तिच्यासाठी जागा उरावी, एवढेच आम्ही मागतो.

उरले दुसरे गृहीतक: काम न करता गेलेला प्रवासाचा वेळ फुकट असतो. येथे आम्हाला आमच्या जिल्ह्याची एक जुनी कथा सांगावीशी वाटते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुषाची कथा सांगितली आहे. सरस्वतीचा हा पुत्र देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते. प्रदेशागणिक वेश, नृत्य, बोलण्याची रीत बदलत जाते, आणि अखेर विदर्भात, वत्सगुल्म नगरात, त्या दोघांचा विवाह होतो. काव्य आणि शास्त्र यांची गाठ कोठे पडते, तर आमच्या वाशीमला. या कथेत आम्हाला आज जाणवते ते हे, की तो विवाह भटकंतीतून झाला. काव्यपुरुषाच्या पाठीवर काही नव्हते. वाटेत त्याने काय ‘पूर्ण केले’ याचा तक्ता कोणी मागितला नाही. रीती घडल्या त्या पाहण्यातून, ऐकण्यातून, थांबण्यातून.

आमच्या पॅसेंजरचे तास असेच होते. त्या तासांवर कोणाचीही मालकी नव्हती. घराची नाही, कचेरीची नाही. त्यात आम्ही कादंबऱ्या वाचल्या, शेजारच्या म्हातारीकडून तिच्या माहेरची ओवी ऐकली, पऱ्हाटीच्या भावावरून झालेली भांडणे ऐकली, आणि पुष्कळदा खिडकीबाहेर पाहत काहीच केले नाही. त्या वाचनाला एकट्या लॅपटॉपने मारले असे म्हणणे अप्रामाणिक होईल. फोनने मारले, थकव्याने मारले, आमच्या आळसानेही मारले. पण आधी पुस्तक वाचले नाही तर नुसता आळस व्हायचा. आज पुस्तक उघडले तर अपराध वाटतो, कारण मांडीखाली दाबून ठेवलेल्या पिशवीत अपुरा तक्ता आहे. आळशी माणूस उद्या वाचू शकतो. अपराधी माणूस वाचू शकत नाही. मराठीच्या अध्यापकाने वर्षभरात किती नवी मराठी पुस्तके वाचली, हा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. आणि ती वाचण्याचा उरलेला एकमेव वेळ मात्र त्या तक्त्यांनी खाल्ला आहे. मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. तिचे अध्यापक वाचतात केव्हा, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

आमच्या मागण्या लहान आहेत, आणि त्यांना मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विभागात संस्थेच्या मालकीचा एक संगणक आणि कुलूप लागणारे एक कपाट असावे, म्हणजे काम जेथले आहे तेथेच राहील. माहिती भरण्याचे काम हे अध्यापन नव्हे, हे मान्य करून त्यासाठी माणूस नेमावा. तेवढे शक्य नसेल तर ते तास कार्यभारात मोजावेत. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाकडून वर्गाबाहेरचे काम घ्यायचे असेल, तर त्याचेही तासिकेप्रमाणेच पैसे द्यावेत. आणि शेवटची मागणी आमची आमच्याकडेच आहे: ‘गाडीत करून टाकतो’ हे वाक्य आपण बोलणे बंद करावे. वेठ घेणारा जितका दोषी असतो, तितकाच, विचारायच्या आधी खांदा पुढे करणाराही असतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना नकार देण्याची मुभाच नव्हती, त्यांनी झगडून ती मिळवली. आम्हाला ती आहे. ती न वापरणे, हा त्यांच्या झगड्याचा अपमान आहे.

आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा आणि एक फुटके मडके, एवढ्या सामानावर त्या माणसाने सारा महाराष्ट्र पायी पालथा घातला आणि दिवसा गावे झाडून रात्री माणसांची डोकी साफ केली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकवणाऱ्यांना निदान एवढे विचारण्याचा अधिकार असावा, की आमच्या पिशवीतले नेमके काय उपयोगाचे आहे? पुढच्या सोमवारी आम्ही काही जण ती घरी ठेवून जऊळक्याला गाडीत चढणार आहोत. हातात एक पुस्तक असेल. त्या दिवशी जो तक्ता अपुरा राहील, तो कोणाचा होता हे तरी कळेल.